आटलेल्या झऱ्याचा फोटो

लास्तेनिया पुका चिडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. त्या जुलैमध्ये ती इतकी हळू बोलत होती की लोक तिच्या स्टुडिओकडे फिरकेनात.

कारण गावाच्या वेशीवरचा फलक. मिठागराखालचं खारं पाणी उपसून लिथियम काढणाऱ्या कंपनीने तो लावला होता आणि त्यावर लास्तेनियाने काढलेला जुना फोटो होता. रात्र, ज्वालामुखी, काठोकाठ भरलेला झरा आणि वर आकाशगंगेतला काळा लामा. आम्ही ताऱ्यांना देतो तसाच ताऱ्यांमधल्या काळोखालाही आकार देतो. हा लामा, उंटाच्या कुळातला आमचा लोकरी प्राणी, मान खाली घालून आमच्या झऱ्याचं पाणी पितो. फोटोखाली लिहिलं होतं, 'पाणी होतं तसंच आहे.'

झरा आटून काही हिवाळे उलटले होते. सप्टेंबरात पाण्याच्या परवान्याची सुनावणी होती आणि कंपनी हाच फोटो तिथे दाखवणार होती.

लग्नं आणि ओळखपत्रांचे फोटो यांवर लास्तेनियाचं पोट चालतं. झऱ्याचा फोटो वेगळा. दर हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जुलै-ऑगस्टात, अमावास्येला ती तिथे जायची, कोकाची पानं ठेवायची, वाइन ओतायची, परवानगी मागायची आणि मगच कॅमेरा उभा करायची. झऱ्याकडून घेतलं की झऱ्याला द्यायचं, हा आमचा नियम. तिच्या लेखी फोटो म्हणजेही घेणंच.

कंपनीला तो परस्पर दिला तिच्या चुलतभावाने, गावच्या अध्यक्षाने, डेल्फिनने. भरल्या दुकानात तिने त्याला गाठलं.

"ताई, सभागृहात लावलेला फोटो. गावाचाच झाला ना?"

"सभागृहात तुझी खुर्चीपण आहे. तीही देऊन टाक."

"शाळेचं छप्पर केलं त्यांनी."

"मग छपराचा फोटो लावायचा."

डेल्फिन एकटाच हसला. "आता माझ्या हातात काही नाही."

"नसू दे. ऑगस्ट लागतोय. झऱ्याचं घेतलंस, देऊन ये. सोबतीला मी येते."

ऑगस्टात आमच्याकडे प्रत्येक जण जमिनीचं देणं देतो. दुकानभर माणसांसमोर अध्यक्षाला नाही म्हणता येईना.

अमावास्येला दोघं गेली. तळाचा चिखल वाळून तडकला होता, भेगांच्या कडांवर मीठ फुटलं होतं. डेल्फिनने पानं ठेवली, वाइन ओतली. भेगेने ती लगेच गिळली. सोबत्याने 'झालं' म्हणेपर्यंत देणाऱ्याने झऱ्याकडे पाठ करायची नसते. तो उभा राहिला. लास्तेनिया पलीकडच्या काठावर गेली. कॅमेऱ्याच्या तिपाईखाली ती दरवर्षी ठेवायची ते दगड जागेवरच होते.

"हे काय करतेयस?"

"हलू नकोस. हललास तर पुसट येशील, मग म्हणशील हा मी नव्हेच."

"ताई, पुरे."

तिने कॅमेरा उघडा ठेवला आणि बॅटरीचा उजेड एकदा त्याच्या अंगावरून फिरवला. तो शिव्या पुटपुटत राहिला, पण पाठ फिरवली नाही. वर लामा तसाच मान खाली घालून होता.

"झालं," ती म्हणाली.

"हा फोटो सुनावणीला नेणार?"

"दोन्ही नेणार. दगड तेच, डोंगर तोच. पाणी कुठं गेलं, ते तू सांगायचंस. फोटोत तू आहेस."

वेशीवरचा फलक अजून आहे. सुनावणीला जाताना गाडी डेल्फिननेच चालवली. फलकाजवळून जाताना तिने त्याला वेग कमी करायला लावला.