चुडीवाल्या खालाचं भेव

चुडीवाल्या खालाइतकं भित्रं माणूस मी पाहिलं नाही. ती कुत्र्याला भ्यायची, सायरनला भ्यायची, खाकी कपड्यातल्या कुणालाही, अगदी पोस्टमनलासुद्धा भ्यायची. नगरपालिकेचा जिना चढताना तिचे पाय लटपटायचे आणि ते ती लपवायचीही नाही. कुठंही निघायचं म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "मले भेव लागते." आणि त्याच दमात दुसरं, "चाल, जाऊन येऊ."

आमचं गाव तालुक्याचं. खालाचा मोहल्ला नाल्याच्या पलीकडे. डोक्यावर पेटी घेऊन ती घरोघरी काचेच्या बांगड्या भरायची, दोन्हीकडच्या घरांत. बांगड्यांभोवती गुंडाळलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर बोट फिरवत ती मराठी वाचायला शिकली होती. लिहिता मात्र सहीपुरतंच यायचं.

बाईचा हात एकदा खालाच्या हातात गेला की पाव तास सुटत नसे. तेवढ्यात खाला तिला सांगून टाकायची, की नळाची नवी लाइन कोणत्या गल्लीत येणार, रेशनच्या यादीतून कोणाचं नाव गळालं, शाळेच्या समितीत आईबापांना बसता येतं. तरण्या पोरी कंटाळायच्या. खाला हात सोडत नसे. "निवडणुकीत गाड्या घेऊन सारेच येतात वो," ती म्हणायची. "मंधातले पाच वर्सं कोन येते? मंग आपुनच गेलं पायजे."

आणि ती जायची. नगरपालिकेची सभा लोकांना बसून ऐकता येते, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. पहिल्यांदा गेली तेव्हा शिपायानं विचारलं, काय काम आहे. तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती तशीच मागच्या खुर्चीवर बसून राहिली. पुढच्या महिन्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. असे काही महिने गेल्यावर त्यांच्या वॉर्डाच्या नगरसेवकानं तिच्याकडे पाहत पाहत आपणहून नाल्याचा विषय काढला. हे मला सांगताना तिलाच नवल वाटत होतं. "मी काई बोललीच नाही. नुसती बसली होती."

माझं दुकान तहसीलच्या समोर, झेरॉक्स आणि टायपिंगचं. आम्ही माळी, नवरा आमच्याच मळ्यातला भाजीपाला बाजारात घेऊन बसतो. खाला दोन-दोन, तीन-तीन बायकांना घेऊन यायची आणि मी त्यांचे अर्ज लिहून द्यायचे. असं बरीच वर्षं चाललं. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग एका दुपारी बाजारात दगडफेक झाली. सुरुवात कुठून झाली ते मला आजही माहीत नाही. संध्याकाळपर्यंत गावात दोन गोष्टी तयार होत्या, आणि कोण कुठल्या गल्लीत राहतो त्यावर त्याची गोष्ट ठरत होती. बाजार बंद, इंटरनेट बंद, चौकात पोलीस. चार दिवसांनी बाजार उघडला तेव्हा आमच्याकडून रोज सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेणाऱ्या पलीकडच्या बाया मान खाली घालून पुढं गेल्या. नवऱ्यानंही त्यांना हाक मारली नाही.

त्याच दिवसांत तहसीलच्या भिंतीवर मतदारांची कच्ची यादी लागली. नाल्यापलीकडून ती पाहायला कुणीच बाहेर पडलं नाही. खाला आली, एकटी, चौकातल्या पोलिसांमधून. तिनं यादी तीनदा वाचली. मोहल्ल्यातल्या दोन गल्ल्यांतल्या माणसांच्या नावापुढं 'स्थलांतरित' असं लिहिलं होतं. ती माणसं घरातच बसलेली होती. भीतीनं दार उघडत नव्हती, एवढंच. हरकत घ्यायला दुसरा दिवस शेवटचा होता.

ती माझ्या दुकानाशी आली तेव्हा माझं शटर अर्धं खाली होतं. सकाळीच नवऱ्यानं बजावलं होतं, "थोडे दिवस त्यायले दुकानात बसवू नको. दुकान पेटवलं त आपुन काय करनार?" चहाच्या टपरीवर कुणी आमच्या दुकानाकडे बोट दाखवून बोलताना मीही पाहिलं होतं. मी खालाला सांगितलं, नेट बंद आहे, नंतर या. कागदावरच्या अर्जाचा आणि नेटचा काही संबंध नव्हता. ते तिला माहीत होतं.

ती हळूच म्हणाली, "तुले बी भेव लागते न, माय. लागू दे. मले कोरे अर्ज दे."

मी गठ्ठा शटरखालून सरकवला आणि शटर जमिनीला टेकवलं.

दुसऱ्या दिवशी ती बायकांना घेऊन आली. पुरुष एकही नव्हता, पोलीस उचलून नेतील या धाकानं. मी आत अंधारात बसून फटीतून पाहत होते. तहसीलच्या कुंपणापाशी बसून त्या कसेबसे अर्ज भरत होत्या. खाला एकेक रकाना वाचून दाखवत होती आणि थोडंफार लिहिता येणाऱ्या दोघी-तिघी गुडघ्यावर कागद धरून तो भरत होत्या. आत नेलेले अर्ज परत आले. यादीचा भाग क्रमांक लिहिला नव्हता. खालानं पुन्हा सुरुवात केली. माझ्या दुकानाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. तेच मला सोसेना. दुपारी दोनच्या सुमारास मी शटर उचललं. धीर आला होता असं नाही. आत बसणं जास्त कठीण झालं होतं.

पाच वाजेपर्यंत मी बायकांच्या घोळक्यामागे, आत बसून लिहीत होते. समोर एक मोटारसायकल बराच वेळ उभी होती आणि तिच्यावरचा माणूस मोबाइलनं बाहेरच्या बायकांचं चित्रण करत होता. माझी अक्षरं वाकडी होत होती. शेवटचा गठ्ठा खिडकी बंद होता होता आत गेला. पक्क्या यादीत बहुतेक नावं परत आली. काही म्हाताऱ्यांची आली नाहीत.

पुढं दोनेक महिन्यांत खाला घर बंद करून अमरावतीला लेकीकडं निघाली. गुडघे दुखतात, पेटी झेपत नाही, म्हणाली. मूर्तिजापूरवरून जाणारी एसटी लागली होती. "यादी लागली का पाहत जाय," एवढंच बोलून ती चढली. मीही गुडघ्यांवर विश्वास ठेवला.

हिवाळ्यात ती वारल्याचं कळलं तेव्हा मी अमरावतीला गेले. घरात लेक एकटीच होती. तिनं सांगितलं ते असं. अर्जांचं प्रकरण झाल्यावर दोन माणसं खालाच्या दाराशी आली होती. बहुतेक अर्जांवर अक्षर एकाच हाताचं आहे, ते कुणाचं, असं विचारत होती. खालाला उभं राहवेना, ती उंबऱ्यातच बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "म्या लिवले." ते हसले. तुला लिहिता येत नाही, म्हणाले. तिनं पुन्हा तेच सांगितलं. ते आणखी दोनदा आले आणि तिनं दोन्ही वेळा तेच सांगितलं. मग मात्र तिला त्या घरात राहणं होईना.

"अम्मीनं मले बी नाव नाही सांगितलं," लेक म्हणाली. "तुमाले मालूम आहे का, कोनं लिवले होते?"

दार उघडं होतं. गल्लीत कुणीतरी मोटारसायकल बंद करत होतं. मी तिकडे पाहिलं.

"मी," मी म्हणाले.