क्रेनवाल्याचा अबोला

क्रेनवाला तोंडाचा फटकळ. कारखान्यातून काढलं तेव्हा त्याने फेसबुकवर साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आता दुसरीकडे मुलाखत होती. हल्ली कामावर घेण्याआधी लोक माणसाचं फेसबुक चाळतात, म्हणून लेक शेजारी बसून त्याची एकेक पोस्ट काढून टाकत होती.

एका पोस्टपाशी तिचं बोट थबकलं. खाली आईने लिहिलं होतं, "अहो, पुरे आता. जेवण गार होतंय."

त्या दिवशी नवरा-बायकोत अबोला होता. हाक मारायची नाही, म्हणून तिने स्वयंपाकघरातून असं कळवलं होतं. हाही हट्टी, जागचा हलला नव्हता. वर्षभरात ती गेली.

"पोस्ट काढली की आईचंही जाईल, बाबा. आधी त्याचा फोटो काढून ठेवते."

"नको." त्याने फोन हातात घेतला. टनावारी लोखंड अलगद टेकवणारं बोट त्या ओळीवरून फिरलं. "तेव्हा ऐकलं नाही तिचं. आता तरी ऐकू दे."

त्याने पोस्ट काढून टाकली, आणि कुणी न बोलावता जेवायला जाऊन बसला.