मागचा सर्व्हर

संगीता राठोड ही फुलसावंगीजवळच्या तांड्यातली पहिली इंजिनीअर. २००६ साली ती लोहाऱ्याच्या एका छोट्या कंपनीत लागली. कपाशीवर लाल्या रोग पडला की महागावच्या नेट कॅफेतून नोंद करायची, मग तज्ज्ञ वावरात येईल, अशी साइट तिनं उभी केली. त्यात सर्व्हर दोन. पुढचा साधा, आल्यागेल्याला पानं दाखवणारा. मागचा जावा या संगणकी भाषेत लिहिलेला, नोंद उतरवून घेणारा. हा मागचा अधूनमधून बंद पडायचा आणि लोकांपुढे इंग्रजी एरर यायचा. कंपनीच्या साहेबांना ते खपत नव्हतं.

"काहीतरी बरं दाखव," ते म्हणाले.

मग संगीतानं पुढच्याला शिकवून ठेवलं, की मागून उत्तर आलं नाही तर 'धन्यवाद, लवकरच संपर्क करू' एवढं दाखवायचं.

त्यानंतर एकही तक्रार आली नाही. साहेब खूश होते. संगीताला ती शांतता खुपत होती, पण तिनं मागे डोकावून पाहिलं नाही.

बाराव्या दिवशी दुपारी तिच्या बापाचा, भीमसिंगचा फोन आला. "बाई, तुमचा मानूस अजून काहून नाही आला? सारं वावर लाल झालं."

तिनं पाहिलं. मागचा सर्व्हर अकरा दिवसांपासून बंद होता. पुढच्याकडे तीनशे जण येऊन गेल्याच्या वेळा तेवढ्या होत्या. त्यांनी काय लिहिलं, कोणत्या गावाहून लिहिलं, ते कुठंच उतरलं नव्हतं.

"बा, पुन्हा नोंद काहून नाही केली?"

"कायले? तुमी धन्यवाद म्हनलं ना. सारा तांडा वाट पाहून राह्यला."