दोन बोटं सैल

"हात पुढं. श्वास सोड. आन् लाजू नगंस."

गळ्यातला लोकरीचा दोरा काढत मेजर समोरच्या पोराला एवढंच सांगायचा. मग दोऱ्याचं टोक मानेच्या मणक्यावर अंगठ्यानं दाबायचं, दोरा खांद्यावरून हातावर सोडायचा आणि मनगटाच्या हाडापाशी गाठ मारायची. टेप नाही, फूटपट्टी नाही. प्रत्येक पोराचा दोरा वेगळा, त्यावर दर वर्षाची एक गाठ. गाठ मारून झाली की म्हणायचा, "वाढतं अंग हाय. दोन बोटं सैल ठेवतो."

गल्ली त्याला मेजर म्हणायची. होता हवालदार. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक गडी मेजरच होतो, तुमच्याकडंही होत असेल. बर्फात पाय गोठून तो फौजेच्या दवाखान्यात पडला होता. तिथल्या नर्सबाईनं वेळ जायला हातात सुया दिल्या. पाय बरा झाला, सुया काही सुटल्या नाहीत. एवढ्या मिशांचा माणूस सकाळच्या उन्हात कट्ट्यावर बसून टाके मोजतोय, हे बघून पहिल्यांदा मीच डिवचलं होतं.

"मेजर, बंदूक कुठं गेली?"

"ही काय, दोन-दोन हायत की. जवळ ये, टोचून दावतो."

खंडेनवमीला आम्ही कोयता, पाना, विळी पुजायचो. हा पाटावर सुया मांडून त्यांना हळद-कुंकू लावायचा. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून झालं की पोरांची मापं. थंडीच्या आत स्वेटर वाढले पाहिजेत, असा हुकूमच असायचा त्याचा.

वाढले म्हणजे खरंच वाढले. तो मानेकडून खाली विणायचा. अंग आधीच ढगळ धरायचा, आणि खालची कड, बाह्यांची टोकं कच्ची मिटवायचा. पुढच्या दसऱ्याला ती उसवून तिथून नवा पट्टा चालू. तीच लोकर परत मिळत नाही, म्हणून दर वर्षी रंग वेगळा. माझ्या नातीचा स्वेटर चौथ्या वर्षी लाल होता. पाचव्या वर्षी पिवळा पट्टा चढला, सहाव्या वर्षी हिरवा.

आता माझं सांगतो. मी तिसरी शिकलेला, पण चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गुळव्या होतो. काहिलीतल्या रसाचा बुडबुडा बघून सांगायचो, उतरवा आता. माझी काहील कधी करपली नाही. माझ्या डोळ्यातनं काही सुटत नाही, असं मी चारचौघांत छाती काढून सांगायचो.

नात सात वर्षांची झाली त्या दसऱ्याला मेजरनं तिचा दोरा धरला. एरवी माप घेताना तिला चिडवायचा, त्या दिवशी नुसता दोराच बघत होता. दोरा उचलून परत लावला. तिसऱ्यांदा लावला. गाठ मारली ती दोरा डोळ्याजवळ धरून. वय झालं, असं माझ्या मनात आलं. माझ्याकडं न बघता तो तिला म्हणाला, "झालं. पळ, सोनं वाट जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात आला. चहा घेतला नाही.

"गुळव्या, पोरीची गाठ गाठीवर पडली."

"म्हंजे?"

"वर्साभरात हात वाढला न्हाय तिचा. बाकीच्या पोरांची गाठ दीड-दीड बोट सरकलीया. डॉक्टरला दाव."

"तुझा दोरा ताणला असंल. माझ्या म्होरं खेळती की ती रोज. मला दिसलं नसतं व्हय?"

"रोज बघतोस म्हणूनच दिसंना झालंय."

हे मला झोंबलं. त्याच्या हातातला दोरा हिसकून मी रस्त्यावर टाकला. म्हणालो, "परत हे घिऊन माझ्या दारात येऊ नगंस."

त्यानं वाकून दोरा उचलला, झटकून गळ्यात घातला. "येत न्हाय. पर दाव."

लोकांना वाटलं मी रागात आहे. खरं सांगतो, मी भ्यालो होतो. दिवाळीनंतर सून म्हणाली, "मामंजी, गणवेश अजून होतोय बगा. दोन वर्सं निघाली." सगळे खूश झाले. माझा घास तोंडातच फिरत राहिला. शेजारची तिच्याहून लहान पोर दिवाळीत तिच्या बरोबरीची होती, शिमग्याला तिच्या वर गेली. आम्ही घामानं भिजायचो आणि नात उन्हात स्वेटर घालून बसायची. "आबा, थंडी वाजतीया," म्हणायची. घरात कुणी नसलं की मी तिला दाराच्या चौकटीला उभी करायचो आणि वितीनं मोजायचो. रोज तेवढीच भरायची. कुणाजवळ बोलायला जीभ उचलत नव्हती. बोललं की ते खरंच होणार, असं वाटायचं.

शिमगा झाल्यावर मुलाला म्हणालो, "पोरीला दवाखान्यात न्यायचं." का, ते सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. थायरॉइड कमी पडतंय म्हणाल्या. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, मग वाढ परत सुरू होईल. अजून दोन वर्षं गेली असती तर अवघड होतं. आणि मग विचारलं, "लक्षात कुणाच्या आलं हो?"

"माझ्या," मी म्हणालो.

मुलगा आणि सून माझ्याकडं कौतुकानं बघत होते.

परतताना रिक्षा कट्ट्यासमोरून गेली. मेजर विणकाम बाजूला ठेवून उठला, हात वर करून काय झालं म्हणून खुणेनं विचारलं. मी दुसरीकडं बघितलं. गोळीचा गुण दिसला की सांगू, म्हटलं. गुण नाहीच आला तर? त्या भीतीनं एक-एक दिवस ढकलत गेलो. तो रोज हात वर करायचा.

श्रावणात एका सकाळी मेजर उठलाच नाही.

तेरावं झाल्यावर त्याच्या मुलानं एक पिशवी आणून दिली. "बाबांनी तुमच्या नातीचं म्हणून ठेवलंतं." आत तो दोरा होता, गाठीवर गाठ पडलेला. आणि बाह्यांना जोडायचे निळ्या लोकरीचे दोन पट्टे, विणून तयार. हिरव्या पट्ट्यावर ठेवून बघितले. त्याच्याहून दोन बोटं रुंद भरले. ज्या पोरीचा हात वर्षभर वाढला नव्हता, तिच्यासाठी त्यानं सैल माप धरलं होतं.

यंदाच्या दसऱ्याला दोरा मी धरला. "हात पुढं. श्वास सोड," म्हणालो खरा, पण माझाच श्वास अडकला होता. टोक मणक्यावर दाबलं, दोरा हातावर सोडला आणि मी डोळे मिटून घेतले.

"गाठ कुठं आली बघ गं."

"मनगटाच्या अलीकडंच ऱ्हायली, आबा."

"किती?"

तिनं आपली बोटं लावून बघितली. "माझी दोन."

पुढच्या तपासणीला मी तो दोरा खिशात घालून नेला. मुलासमोर, सुनेसमोर डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. "बाई, त्या दिवशी मी खोटं बोललो. माझ्या डोळ्याला काय बी दिसलं नव्हतं. दोरेवाल्यानं सांगितलं, आन् मी त्याला दारातनं हाकलला."

बाईंनी दोरा उचलून एक-एक गाठ चाचपून बघितली. म्हणाल्या, "यांना भेटायला पाहिजे. कुठं असतात?"

"कट्ट्यावर असतोय की," माझ्या तोंडून गेलं.

नात माझ्याकडं बघत राहिली.