दोन घरांची सव्वा मूठ

आई गेल्यावर मी पुण्याची नोकरी साक्रीच्या घरी घेऊन आले, वडिलांसाठी. आबा एकटे राहू शकतात असं फक्त आबांनाच वाटतं. तेवढ्यात आमचा प्रोग्राम अधूनमधून बंद पडू लागला आणि साहेबांनी फर्मावलं, आठवड्यात दुरुस्त करा, नाहीतर पुण्याला ऑफिसात येऊन बसा. चूक कंपायलरची असावी, असं मी चाचरत म्हटलं. कंपायलर म्हणजे आम्ही लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. त्याच्यावर सहसा कोणी आळ घेत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं साहेब भर मीटिंगमध्ये बोलले. मी जळफळले, पण पुरावा कुठे होता?

त्यात आमच्या खानदेशातला कानबाईचा सण आला. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. आबा लहानपणी सख्ख्या काकांकडे दत्तक गेलेले, तेही भिंतीला भिंत लागून. त्यामुळे त्यांच्या नावाची मूठ आमच्या घरातून पडते आणि शेजारच्या जन्मघरातून त्यांची भावजय, माझी काकू, हीही घालते. यंदा काकूच्या नव्या सुनेनं विचारलं, हे दोनदा नाही का झालं? काकूनं तिला गप्प केलं.

"ऱ्हाऊ दे. तो दोन्ही घरना शे."

माणूस एक, पण दोन्ही घरांचा म्हणून दोनदा मोजलेला! मी निवडायचे गहू सोडून लॅपटॉपकडे धावले. आमच्या कोडमध्ये एका क्लासला, म्हणजे कोडच्या एका साच्याला, दोन पालक साचे होते आणि त्या दोघांचा पूर्वज एकच. तो एकदाच घडवावा असं मी स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून तो किती वेळा घडतो हे मोजून बघायचं मला सुचलंच नव्हतं. बाकीचा पसारा काढून टाकला आणि तेवढाच छोटा नमुना चालवला. पूर्वज दोनदा घडत होता, दोन्ही पालकांच्या वाटेनं, आणि दुसऱ्या वेळी आधीचं सगळं पुसलं जात होतं. तोच नमुना दुसऱ्या कंपायलरवर बिनतक्रार चालला.

कंपायलर बनवणाऱ्यांनी चूक कबूल केली. साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही; तिकडूनच काम चालू ठेवा, एवढं म्हणाले.

आबांना मी सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"म्हंजे तू आठेच ऱ्हाशी ना?"

हो, इथेच, असं म्हटल्यावर ते आत गेले आणि एक जड पिशवी घेऊन आले. तिच्यातून ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, शेवया, लोणचं असे डबे काढून एकेक फळीवर मांडू लागले. पुण्याला जाताना माझ्यासोबत द्यायला त्यांनी ती केव्हाच भरून ठेवली होती.