गोफणीचा हात
हुरडा भाजल्याचा वास आला की मला माजलगावचं ते मुरमाचं टेनिस कोर्ट आठवतं, कारण जिल्हा निवडीच्या दिवशी शेजारच्या रानात हुरडा भाजत होते. धारूरकडच्या आमच्या ज्वारीत मी लहानपणापासून गोफणीनं पाखरं हाकललेली, म्हणून सर्व्हिस करतानाही माझा हात डोक्याभोवती गरकन फिरायचा. टेनिसचे सर वर्षभर ओरडत होते, "ही खोड मोड, न्हाईतर बाहेर बस!" त्या दिवशी मी हात आवळून, त्यांच्या पद्धतीनं खेळले. कशीबशी बरोबरी झाली. पुढचा गुण घेईल तिची निवड. पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. दुसरीही गेली असती तर संपलंच होतं. तेवढ्यात शेजारच्या रानातल्या ज्वारीवर पाखरांचा थवा उतरला आणि माझा हात आपोआप फिरला. चेंडू रेषेवर आदळून निघून गेला, समोरची जागची हललीसुद्धा नाही. सर धावत आले. "कावून गं, वर्षभर हे लपवून ठेवलंस?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "लपवलं न्हाई सर, तुमीच बंद केलतं." आता मी टेनिस शिकवते. एखादीचा हात वेगळा फिरला, तर ओरडणं जिभेवर येतंच, ते गिळते आणि विचारते, "घरी काय काम करतीस गं?"