दुसरी बाही

कोणाच्याही अंगातल्या स्वेटरची कड ती दोन बोटांत धरून ओढून बघायची. तोंडानं भाजीचं, पोरांचं बोलणं चालू आणि बोटं इकडे लोकर तपासत. "जित्ती आहे अजून," म्हणायची. "फाटला की माह्याकडे आणजो, फेकजो नको."

आमच्या तिरोड्याच्या गल्लीत सगळे तिला मावशीच म्हणत. बाजारात जुन्या कपड्यांचा ढीग लागला की ही सकाळीच हजर. भोकं पडलेले स्वेटर आणायचे, उसवायचे, लोकर धुऊन खुर्चीच्या पाठीला गुंडाळून वाळवायची. तिचे यजमान म्हणत, "आमच्या घरी खुर्च्या लोकरीलेच आहेत. पाहुण्यानं उभं राहावं."

बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही, हे आमच्याकडे पाळतात. तुमच्याकडेही असेलच. मावशीनं त्यातून वाट काढली होती. लोकर जुनी, म्हणजे नवं नाहीच. तरी मनात धाकधूक, म्हणून एक बाही विणायची बाकी ठेवायची. बाळ झाल्याचा निरोप आला की मगच ती दुसरी बाही विणायची. गल्लीतली किती पोरं तिच्या स्वेटरात वाढली.

माझ्या सुनेचं बीपी आठव्या महिन्यात एकदम वाढलं. मुलगा तिला गोंदियाला घेऊन गेला. दुपारी त्याचा फोन आला, "आई, डॉक्टर ऑपरेशन म्हणून राहिले." मग काहीच नाही. मावशी येणाऱ्या बाळाचा स्वेटर आणि सुया घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. नुसत्या सुया वाजत होत्या.

एकाएकी त्या थांबल्या. पाहते तर मावशीच्या मांडीवर स्वेटर, दोन्ही बाह्या झालेल्या.

"बाई, हे काय केलं मी. हात थांबलेच नाही."

"असू दे वो मावशी. असं काही नसते."

"नसते, तर मंग तू त्या बाहीकडेच काऊन पाहून राहिली?"

तिनं बाही उसवायला घेतली. ती ओढत होती, मी गुंडाळत होते. खोटं कशाला बोलू, ती बाही लवकर निघावी एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

थोडीशी उरली असताना फोन वाजला. मी उचलायला गेले तर तिनं मनगट धरलं. "थांब." भराभर ओढत सुटली. फोन वाजतोय, मी गुंडाळतेय. शेवटचा टाका निघाला तेव्हा म्हणाली, "आता उचल."

मुलगी झाली होती. इवलीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. सून शुद्धीवर आली होती. नात घरी येईतोवर मावशीनं सुयांना हात लावला नाही.

ती नात आता शाळेत जाते. मावशीचे यजमान गेले आणि तिचा मुलगा तिला रायपूरला घेऊन गेला. अलीकडे तिला फारसं काही आठवत नाही, असं तो सांगतो. परवा भर उन्हात तिचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"बाई, गोंदियावरून काही समजलं का?"

"समजलं ना मावशी. पोरगी मोठी झाली आपली. थांब, तिलाच देते."

मी फोन स्पीकरवर टाकून नातीपुढे धरला. "आजी, मी बोलून राहिली."

मग मावशी म्हणाली, "कोणाची गं तू? फोन ठेव बेटा. दवाखान्यातून फोन यायचा आहे."